बीकमन रोड आज रात्री बंद

(काळोख. डांबरी रस्त्यावर पावसाची रिपरिप.)

मार्च महिना. न्यू जर्सीतलं ईस्ट ब्रन्सविक. एडिसन इथून जवळच, त्यामुळे या बाजूला मराठी घरं बरीच. पण इथला मार्चचा पाऊस म्हणजे चहा-भज्यांचा पाऊस नव्हे, हाडं गोठवणारा. पाऊस लागला की मंडळी दारं लावून घेतात. आज आपण मात्र रेनकोट चढवून, टॉर्च घेऊन बाहेर पडलोय. रस्त्याच्या तोंडाशी अडथळे लावलेत. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत या रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे.

कारण आज सॅलॅमँडर, म्हणजे बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद, अंडी घालायला तळ्याकडे जाताना हा रस्ता ओलांडणार आहेत. निदान तसा अंदाज आहे!

जमिनीतलं बर्फ विरघळलेलं हवं, पाऊस हवा, अंधार हवा आणि पारा पाच-सहा अंश सेल्सियसच्या वर हवा. यातलं एक चुकलं की रस्ता रिकामा. याआधी दोनदा आम्ही नुसते मोजे भिजवून घरी गेलो.

(टॉर्चचा झोत खाली. रस्त्यावर काहीतरी हलतं.)

थांबा. पाय उचलू नका.

हा ठिपकेवाला सॅलॅमँडर. वीतभर लांब, काळा कुळकुळीत, आणि पाठीवर हळदीची बोटं उमटवावीत तसे पिवळे ठिपके, दोन वेड्यावाकड्या रांगांत. एक पाऊल टाकतो, थबकतो, पुन्हा एक. वर्षातला बहुतेक काळ हा चिचुंद्र्यांच्या, उंदरांच्या बिळांत जमिनीखाली काढतो. वीस वर्षंसुद्धा जगतो. आणि दर वसंतात याच पावसात वर येतो.

आपल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पाल’. साहजिक आहे. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ आहेत, पण उभयचरांचा हा तिसरा, शेपटीवाला गट तिथे नाहीच. भारतात तो पाहायचा तर दार्जिलिंगकडे किंवा ईशान्येला जावं लागतं. म्हणून आधी अंगाकडे बघा. पालीला खवले असतात, याची कातडी ओली, गुळगुळीत. पालीला नखं असतात आणि कानाचं भोक दिसतं, याला दोन्ही नाही. आता बोटं मोजा. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच.

(पलीकडून आवाज. बदकं कलकलावीत तसा.)

ती बदकं नव्हेत, रानबेडूक आहेत. आवाजाच्या दिशेनं गेलं की तळं सापडतं. तळं कसलं, हिवाळ्यानंतर खोलगट जागी साठलेलं पाणी. उन्हाळ्यात ते आटतं, म्हणून त्यात मासे टिकत नाहीत. अंडी घालायला यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? अर्थात पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. झोत पाण्यात टाकला की पिसांसारखे कल्ले फुटलेली पिल्लं दिसतात. ती संगमरवरी सॅलॅमँडरची. त्याची मादी शरदातच, तळं कोरडं असताना, तिथे अंडी घालते. त्यामुळे इतरांची पिल्लं बाहेर येईपर्यंत ही चांगली तयार झालेली असतात, आणि त्यांनाच खातात.

(दिवस. एप्रिल. पाण्यातली काटकी.)

दिवसा सॅलॅमँडर दिसत नाहीत, अंडी दिसतात. पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं. भिजवलेल्या साबुदाण्याचा ढीग दिसला, वरून खडबडीत, तर तो रानबेडकाचा. त्या साऱ्या दाण्यांवर जेलीचं आणखी एक जाड वेष्टण असेल आणि वरून गोळा गुळगुळीत असेल, तर तो ठिपकेवाल्याचा. काही दिवसांनी या अंड्यांवर हिरवट झाक येते. सडल्यामुळे नाही. आत एक शैवाल वाढत असतं. ते गर्भाला प्राणवायू पुरवतं आणि गर्भाच्या टाकाऊ द्रव्यांवर पोसतं. इतकंच नाही, ते गर्भाच्या पेशींच्या आतही शिरतं, असं २०११ साली संशोधकांनी दाखवलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असं काही तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

(जंगलात पडलेला ओंडका.)

शेवटचा मुक्काम हा कुजका ओंडका. उचलताना तो आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खाली साप असलाच तर त्याला पलीकडे वाट मिळते. हा बघा, लालपाठ्या! करंगळीएवढा, पाठीवर विटकरी पट्टा. काही लालपाठ्यांना तो पट्टा नसतोच, ते नुसते शिसवी दिसतात आणि नवखे फसतात. अशा वेळी पोट बघावं, मीठ-मिरपूड शिंपडल्यासारखं असतं. याला तळ्याची गरज नाही. अंडीसुद्धा जमिनीवरच घालतो. फुप्फुसं तर नाहीतच, सगळा श्वास ओल्या कातडीतून. म्हणून डासांचं मलम लावलेल्या हातानं याला शिवायचं नाही. शेपूट धरायची नाही, ती तुटून हातात येते.

ओंडका आधी होता तसा ठेवायचा आणि मग याला त्याच्या कडेला सोडायचं. आपण ढकलायला जायचं नाही, तो स्वतःच आत शिरतो. घाई अजिबात नाही. डोकं गेलं, पट्टा गेला. शेपटीचं टोक तेवढं पानांत अजून दिसतंय.