जुन्या गाडीचा डिझेल फिल्टर घरी बदला, पण लाइनमधली एअर नीट काढा

नमस्कार मंडळी. मी कात्रजला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे आणि मागे उभी आहे ती आमची २००२ सालची टेम्पो ट्रॅव्हलर. कंपनीचं नाव तेव्हा बजाज टेम्पो होतं, फोर्स मोटर्स ते पुढे २००५ मध्ये झालं. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, चार सिलिंडरचं, सगळं मेकॅनिकल. वडिलांच्या केटरिंगची पातेली हिने वीस वर्षं वाहिली, म्हणून हिच्यावर माझा जीव आहे.

गेल्या महिन्यात सासवडच्या ऑर्डरला निघालो होतो. हडपसरपर्यंत गाडी मस्त आली. दिवे घाटाला लागलो आणि तिचा दम जायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की आचके, पाय थोडा सैल केला की परत ठीक. परत आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली, तर ते म्हणाले, इंजिनाला प्रेशरने डिझेल देणारा पंप उतरवायला लागेल. पंपाचं काम म्हणजे किती खर्च, ते जुनी डिझेल गाडी असलेल्यांना माहीत आहे. घरी आलो, तर वडील एवढंच म्हणाले, "अरे, आधी फिल्टर बघ."

डिझेल गाळणारा फिल्टर चोंदला होता. पण मग सपाटीला गाडी कशी चालली? नळात गाळ अडकला की तांब्या भरतो, बादली भरायला मात्र वेळ लागतो, तसंच आहे हे. सपाटीला इंजिनाला डिझेल कमी लागतं, तेवढं चोंदलेल्या फिल्टरमधूनही येतं. घाटात भरलेली गाडी ओढताना जास्त लागतं, तेव्हा ते पुरत नाही. म्हणून चढावर, लोडवर गाडी मेली तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. पंपावर नंतर.

आणि "फिल्टर काढून टाका, डायरेक्ट लाइन जोडा" असा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. पंपाच्या आतला प्लंजर, म्हणजे दट्टा, आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्या फटीत धुळीचा एक कण गेला तरी ओरखडा पडतो.

चला, कामाला लागू. इंजिन गार हवं, हँडब्रेक ओढलेला आणि आसपास बिडी-सिगारेट नको. नवा फिल्टर आणायला मी नाना पेठेत जातो आणि जुन्याचा नंबर लिहून नेतो. याच गाडीत वर्षाप्रमाणे फरक असतो, तुमचा फिल्टर माझ्यासारखा फिरवून बसणारा असेल किंवा वाटीत कागदी फिल्टर असलेला. रबर रिंग आणि वॉशर नवे घ्या. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी जुना वापरू नका, लाइन एअर, म्हणजे हवा, तिथूनच घेते.

खाली ट्रे ठेवला. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली, बेल्टवर आणि रबरी होजवर डिझेल पडू देऊ नका, रबर फुगून खराब होतं. आता फिल्टरच्या बुडाचा हा स्क्रू सैल करतो आणि आधी पाणी सोडतो. बरणीत बघा. खाली वेगळा थर दिसतोय? ते पाणी. डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली की दमट हवेतलं पाणी आतल्या पत्र्यावर जमतं आणि असं इथपर्यंत येतं.

पट्टा-पान्याने फिल्टर फिरवला, आला हातात. कॅमेरा जवळ आण. वर हेडला, म्हणजे फिल्टर ज्यावर बसतो त्या भागाला, बघा, ही जुनी रबर रिंग. फिल्टरबरोबर आली नाही, वरच चिकटून राहिली. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा ही मला दिसली नव्हती. तिच्यावरच नवी रिंग बसली, दोन रिंगांमधून एअर येत राहिली आणि मी अर्धा दिवस पंपाला दोष देत बसलो. बोट फिरवून बघा, नखाने काढा, स्वच्छ फडक्याने पुसा. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटतात.

नवा फिल्टर बसवण्याआधी डिझेलने भरून घ्यायचा, म्हणजे नंतर कमी पंपिंग. पण कुठून भरायचा? बरेच जण मधल्या मोठ्या भोकात ओततात, सोपं पडतं म्हणून. या फिरवून बसणाऱ्या फिल्टरमध्ये बाहेरची छोटी भोकं म्हणजे आत येणारी वाट, मधलं भोक म्हणजे गाळून बाहेर जाणारी. मधे ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जाणार. कडेच्या भोकांतून हळूहळू ओता. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

रिंगला डिझेलचं बोट लावा, हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की पाऊण फेरा. हातानेच. पान्याने आवळलात तर पुढच्या वेळी निघायचा नाही.

आता खरं काम. एअर. हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबलं जात नाही. लाइनमध्ये हवा असली की पंपाचा दट्टा हवेलाच दाबत बसतो, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडण्याएवढं प्रेशर तयारच होत नाही. स्टार्टर कितीही मारा, बॅटरी उतरेल फक्त.

फिल्टरच्या डोक्यावरचा हा एअर स्क्रू दीड फेरा सैल करा. पंपाला लागून हा हँड प्रायमर, म्हणजे हाताने मारायचा छोटा पंप आहे, त्याची मूठ उलटी फिरवून मोकळी करा आणि मारत राहा. बघा, आधी नुसता फुसफुस आवाज. मग फेस. मग फेसात बुडबुडे. थांबू नका... आता सलग धार आली, बुडबुडा नाही. दुसरा हात प्रायमरवर चालू ठेवूनच स्क्रू बंद करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावलात तर आटे जातील. प्रायमरची मूठ परत घट्ट फिरवायला विसरू नका.

हीटर प्लग गरम करा आणि स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंद, मग थोडी विश्रांती. नाही झाली तर एक-दोन नोझलला येणाऱ्या पाइपांचे नट जरासे सैल करून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा, धार आली की आवळा. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर. कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीत या पाइपांना हात लावू नका, तिथे प्रेशर हजार बारच्या वर असतं आणि ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जुन्या गाडीतही चेहरा आणि हात धारेसमोर नको.

झाली चालू. सुरुवातीला थोडी अडखळते, मग लय येते. तीन-चार मिनिटं चालू द्या.

सांडलेल्या डिझेलवर भुसा टाका आणि झाडून उचला. रस्त्यावर राहिलं तर पहिल्या पावसात कोणाची तरी दुचाकी त्यावरून घसरेल. जुनं डिझेल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

मी फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले. हा मी दर दहा हजारांना बदलतो. आणि खाली वर्तमानपत्राचा हा कागद पसरून ठेवतोय. उद्या सकाळी गाडी चालू करण्याआधी तो बघणार. कोरडा असेल तर सासवडची पुढची ऑर्डर आहेच, दिवे घाटातूनच जाणार आहे.