उपकाराची वही

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या की, सतरंजीवर जागा आहे.

मला दिलेला विषय 'कृतज्ञता आणि मनःशांती' असा आहे. मी तो बांधावरनं सुरू करते. आमचं शेत बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात. सासऱ्यांच्या मागं वाटण्या झाल्या आणि हातभर बांधावरून धाकट्या दिरांशी आमचं बोलणं तुटलं. 9 वर्षं. एकाच पाणंदीनं जायचं, पण समोरून ते आले की मी बाभळीकडं बघत पुढं जायची.

त्या वर्षांत माझ्या डोक्यात एक वही तयार झाली होती. कुठल्या पावसाळ्यात त्यांनी बांध किती कोरला, कुठल्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच्या हाती धाडली, सगळं तारीखवार. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती वही आपोआप उघडायची. दीर पलीकडच्या घरात खुशाल झोपलेले असायचे, जागी मी असायची. अशी वही तुमच्यापैकी किती जणांकडं आहे, हात वर करायला सांगत नाही. पण असते.

अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एकानं ज्यांबद्दल उपकृत वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं त्रासाच्या गोष्टी, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या गोष्टी. आठवड्यातून एकदा, असे 10 आठवडे. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं जास्त वाटलं, अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारीही त्यांच्या कमी होत्या. पुढं 2005 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, आणि प्रत्येकीसमोर ती का घडली हेही. त्याचा गुण सहा महिन्यांनंतरही दिसत होता. माझ्या मते सगळं मर्म त्या 'का'मध्ये आहे.

हे मला अनुभवानं कळलं. निवृत्तीनंतर मीही अशी चांगल्या गोष्टींची वही घातली. पहिले काही दिवस लिहिलं, 'तब्येत ठीक आहे, मुलं मार्गी लागली, देवाची कृपा.' दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळच्या प्रार्थनेसारखं पाठ होऊन गेलं आणि मन होतं तिथंच राहिलं. मग एका पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलं होतं, मी धुसफुसतच हंडे लावले. रात्री वहीत लिहिलं, 'आज पाणी आलं.' का आलं? बेळगावजवळच्या राकसकोपच्या धरणात मार्कंडेय नदीचं पाणी साठलं म्हणून. आणि ते आमच्या गल्लीत सोडायला एक माणूस अंधारात, पावसात, खोळ पांघरून आला म्हणून. त्या माणसाला मी आजवर फक्त 'आज उशीर का?' एवढंच विचारलं होतं. पुढच्या खेपेला चहा घेऊन फाटकाशी उभी राहिले आणि मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, "भाळ उपकार आत्री," म्हणजे फार उपकार झाले. तो गडबडला. मग चहा पिताना सांगू लागला, वरच्या गल्लीला दाब कमी पडतो म्हणून तो आधी तिकडचा व्हॉल्व सोडतो, आमच्याकडं उशीर होतो तो त्यामुळं. पाणी त्यानंतरही चार दिवसांनीच येत राहिलं. पण पहाटेची माझी धुसफुस गेली.

'उपकार' हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. दसऱ्याला आपण म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. शेजारीण शमीची पानं हातावर ठेवत म्हणते, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." दोघींच्या मनात एकच.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण या विषयाचा गैरवापर मी पाहिला आहे. ज्या सुनेला घरात मार बसतो तिला 'आहे त्यात समाधान मान' म्हणणं पाप आहे. ज्या बाईची मजुरी बुडवली तिनं आभार मानायचे नाहीत, मजुरी मागायची. आपल्या सीमाभागाचंही तेच. 1956 पासूनचा प्रश्न आहे, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. मराठी शाळा मागा, मराठी कागदपत्रं मागा, ठामपणे मागा. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा दूधगंगेकाठच्या माझ्या बहिणीला ज्या कन्नड घरानं आठ दिवस माडीवर ठेवून घेतलं, त्या घराचे उपकार सांगताना माझी मागणी काही हलकी होत नाही. दोन्ही खरं आहे, दोन्ही बोलायचं.

तर वहीत एका रात्री लिहिलं, 'यजमान आज स्वतः मंडईत जाऊन आले.' का? चालतात म्हणून. का चालतात? आणि मला वाटण्यांच्या आधीची ती आषाढातली रात्र आठवली. शेतात यजमानांना फुरसं चावलं होतं. दिरांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून गड्यानं धरलं, आणि भर पावसात थेट बेळगाव गाठलं. अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले होते. बांधाच्या प्रत्येक कोरलेल्या ढेकळाची तारीख मला तोंडपाठ होती. ही रात्र मात्र माझ्या वहीत कुठंच नव्हती. त्या रात्री मी खूप रडले.

रविवारी त्यांच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "भाऊजी, फुरसं चावलं त्या रात्री तुम्ही होता म्हणून माझं कुंकू राहिलं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही." ते काही बोलले नाहीत. आत वळून जावेला म्हणाले, "वैनीस्नी पाणी दे." त्या तांब्याभर पाण्यानंतर मला कैक वर्षांनी सलग झोप लागली.

बांध सरकला नाही. मोजणीचा अर्ज अजून आहे, मोजणी होईल तशी होईल. जाऊ गोकाककडची, कन्नड घरातली. कोजागिरीच्या पौर्णिमेला तिच्या माहेरी 'शीगी हुण्णिमे' करतात. भूमी गरोदर असते, तिचं डोहाळजेवण करायचं, आणि शिजवलेलं अन्न शेतभर शिंपडायचं. त्याला चरग म्हणतात. पाखरांचा, किड्यामुंग्यांचाही त्यात वाटा. गेल्या वर्षी तिनं मला बोलावलं. पाटीत कडबू, भाकरी, भाजी कालवलेली. मी मूठ भरून फेकत चालले. वारं होतं, थोडं त्यांच्या रानात पडलं, थोडं आमच्या. मागून दीर म्हणाले, "वैनी, तो वरचा कोपरा राहिला बघा."