थंडी कळेनाशी होते तेव्हा

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण रोज चालायला जाता, आणि गारठा वाढला की त्यातल्या कितीतरी जणांचं चालणं बंद पडतं. माझंही पडायचं. सकाळी पांघरुणातून पाय बाहेर काढायचा, फरशी गार लागली की परत आत ओढून घ्यायचा. थंडी ओसरल्यावर करू सुरू, असं म्हणत दोन हिवाळे काढले. थंडी ओसरली खरी, पण तोवर जिना चढताना मला कठडा धरावा लागत होता. आपल्या वयात मांड्यांतली ताकद भराभर जाते आणि परत यायला फार वेळ घेते.

तिसऱ्या हिवाळ्यात मी हट्टाने बाहेर पडलो आणि उलटी चूक केली. पहाटे साडेपाचला, अंगात एक पातळ स्वेटर. मला कुठे थंडी वाजतेय, असंच वाटत होतं. चाळीस मिनिटांनी घरी आलो, तर किल्ली कुलपात जाईना. बोटं दिसत होती, पण वळत नव्हती. शेवटी कोपराने बेल दाबली. पत्नीने दार उघडलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अहो, बर्फ झालाय हाताचा!" तरीही मला थंडी वाजत नव्हती.

मला आज बोलायचंय ते याबद्दलच. वय वाढतं तशी थंडीची जाणीव बोथट होत जाते. गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब राखतात, ते काम आता मंदावलेलं असतं. हुडहुडी उशिरा भरते, तीही कमी जोराची. ऊब तयार करणारे स्नायूच घटलेले असतात. शरीराच्या आतलं तापमान साधारण ३७ अंश सेल्सियस असतं. ते ३५च्या खाली गेलं की धोका. त्यात माणूस गोंधळतो, बोलणं जड होतं, आणि आपलं काही बिघडलंय हे त्याचं त्याला उमगत नाही. म्हणून अंगाला विचारून कपडे घालू नका. बाहेर किती अंश आहे, वारा आहे का, ते बघून घाला. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. घाम यायला लागला की एक उतरवता येतो. घामाने भिजलेला कपडा अंग आणखी गार करतो.

पहाटेची सवय सोडा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. थंडीने रक्तदाब वाढतो, आणि झोपेतून उठल्यावर तो तसाही चढत असतो. दोन्ही ओझी हृदयावर एकदम कशाला? ऊन वर येऊ द्या. घरातच पाच-दहा मिनिटं हातपाय हलवा, पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, पण लघवीवाटे पाणी जातच असतं. नाका-तोंडावर मफलर असू द्या. हात खिशात नकोत, हातमोजे घाला. पाय घसरला तर सावरायला हात मोकळे हवेत. आणि छातीत आवळल्यासारखं झालं तर 'चालता चालता सुटेल' म्हणून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा, मदत बोलवा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी. फारच गारठा असेल त्या दिवशी ती मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारून भरा. खाडा मात्र नको.

मी आता नऊ वाजता निघतो, एका मित्राबरोबर. अर्ध्या वाटेवर एक वळण आहे, तिथे आम्ही थांबतो. हातमोजे काढतो, एकमेकांच्या मनगटाला, मानेला हात लावून बघतो. दोघांपैकी एक जरी गार लागला, तरी तिथूनच माघारी. मग त्याला कितीही बरं वाटत असो.