झाकण काढलेला कॉम्प्युटर

[पाऊस. वाचनालयाचा लाकडी जिना. वरच्या खोलीत टेबलावर आडवा ठेवलेला कॅबिनेट. स्क्रू फिरतोय.]

चौथा स्क्रू गंजलाय, म्हणून वेळ लागतोय. टेबलाभोवती वाकून बघणारे हे ११ जण. यांतल्या बहुतेकांनी आजवर कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, आणि पहिल्याच दिवशी त्याचं झाकण निघतंय.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचं हे वाचनालय. दर रविवारी सकाळी वरच्या खोलीत हा वर्ग भरतो. एरवी अशा वर्गाची सुरुवात ‘इथे क्लिक करा’पासून होते. माणूस क्लिक पाठ करतो, आणि बटणाची जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. इथली ताई आधी डबा उघडते. आम्हाला हे इतकं पटलं की आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते या उघड्या डब्यासाठीच.

[ब्रशनं धूळ झटकणं. पंखा निघतो. चिप तळहातावर.]

हा प्रोसेसर. अख्ख्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, दुकानदारही तसंच म्हणतो. पण खरा सीपीयू तळहातावर मावतो, तो हा. उलटा केला की खाली सोनेरी ठिपके दिसतात, रांगोळीच्या कागदावर असतात तसे रांगेत. या चिपमध्ये अतिशय बारीक स्विच आहेत. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ साली इंटेलनं ४००४ नावाची चिप काढली, तिच्यात २३०० होते. आज ते कोटींत मोजतात. काम मात्र तेच: चालू किंवा बंद. तिसरं काही त्यांना येत नाही.

चालू आणि बंद एवढ्यावर यादी, फोटो, गाणं कसं चालतं? हा प्रश्न वर्गात पहिल्यांदा विचारला तो या काकांनी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. पुढच्या रविवारी ते घरून हे घेऊन आले.

[जवळून: तिकिटाचा पंच. टिक, टिक, टिक.]

हा आवाज ज्यांना आठवतो, त्यांना आठवतोच.

मशीन येण्याआधी तिकिटावर टप्प्यांचे आकडे छापलेले असायचे, आणि कंडक्टर योग्य आकड्यावर भोक पाडायचा. चेकर गाडीत चढला की नुसतं तिकीट उजेडात धरायचा. भोक कुठं आहे यावरून प्रवास कळायचा. काकांनी हे सांगितलं आणि ताईनं खडू हातात घेतला. भोक आहे, भोक नाही. चालू, बंद. एक, शून्य.

[कागदाच्या पट्ट्या. काका पंच करत आहेत, बाकीचे मोजत आहेत.]

पट्टीवर एकच जागा असेल तर दोन गोष्टी सांगता येतात: भोक किंवा कोरं. दोन जागा असतील तर चार. तीन असतील तर आठ. प्रत्येक वाढत्या जागेला दुप्पट. हे फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं; इथं पाऊण तास पट्ट्या कापल्या गेल्या, आणि आम्ही सगळं शूट केलं. आठ जागांपर्यंत पोचले तेव्हा उत्तर आलं २५६. या एका जागेला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. ‘एमबी’, ‘जीबी’ असं आपण रिचार्ज मारताना म्हणतो, तेव्हा याच आठ-आठ भोकांच्या पट्ट्या मोजत असतो.

आणि पंचाचं नातं याहून जवळचं आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन होलरिथ यांच्या यंत्रांवर झाली. माणसाची माहिती कार्डावरच्या भोकांत. यंत्राच्या पिना कार्डावर उतरायच्या. जिथं भोक असेल तिथली पिन खालच्या पाऱ्यात बुडायची, वीज वाहायची आणि मोजणीचा काटा एक घर पुढं सरकायचा. होलरिथ यांना हे सुचलं एका रेल्वे कंडक्टरला बघून, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तो कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा: केसांचा रंग, डोळे, नाक.

[काका पंचाकडे बघतात. शॉट धरून ठेवा.]

[खोललेला कीबोर्ड. प्लास्टिकचे पारदर्शक पडदे एकेक करून उचलले जातात.]

कीबोर्डच्या बटणांखाली हे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर विजेच्या रेघा, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की वरची रेघ मधल्या भोकातून खालच्या रेघेला टेकते. कीबोर्डमधली छोटी चिप आडव्या-उभ्या रेघा सतत तपासत असते. कुठल्या आडव्या रेघेला कुठली उभी टेकली, एवढंच ती पुढं कळवते. अक्षर तिला माहीत नसतं. त्याच बटणानं इंग्रजी ‘के’ उमटवायचं की मराठी ‘क’, ते कॉम्प्युटरवर निवडलेल्या भाषेच्या मांडणीवर ठरतं.

इथं इन्स्क्रिप्ट शिकवतात. ही मांडणी सरकारी प्रमाण आहे, १९८० च्या दशकातली. स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’च्या बटणावर शिफ्ट धरलं की ‘ख’. ‘त’वर धरलं की ‘थ’. ज्यानं बाराखडी गिरवली त्याला हे सरळ वाटतं. तरी पुष्कळ ठिकाणी मराठी टाइप करायला आधी इंग्रजी स्पेलिंग शिकवतात. या खोलीत तसं होत नाही, आणि ते तसंच राहावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

[भजनी मंडळातल्या काकू. एक बोट. स्क्रीनवर: आई.]

शिफ्ट धरून शेजारशेजारची दोन बटणं. काकूंचा पहिला शब्द.

आता हाच शब्द आतून बघूया. जगातल्या बहुतेक सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक दिलेत, त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं. ‘आ’ राहतो २३१० मध्ये, ‘ई’ २३१२ मध्ये. मधलं २३११ हे घर ऱ्हस्व ‘इ’चं. मुळाक्षरं शाळेत ज्या क्रमानं म्हणतो, जवळपास त्याच क्रमानं. भारतात आधी इस्की नावाचं प्रमाण ठरलं होतं, देवनागरीची ही मांडणी त्याच्यावर बेतलेली आहे.

[फाइलवर राइट क्लिक. प्रॉपर्टीज. ‘६ बाइट्स’.]

साठवताना या प्रत्येक अक्षराला ३ बाइट लागतात. म्हणून ‘आई’ची फाइल ६ बाइटची. काकांच्या हिशेबात सांगायचं तर ४८ जागांची पट्टी.

[जुनी फाइल उघडते. स्क्रीनभर अनोळखी चिन्हं.]

आणि ही वाचनालयाचीच पुस्तकांची यादी. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली. त्या पद्धतीत आत क्रमांक इंग्रजी अक्षरांचेच असायचे, फाँट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढायचा. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथं यादी अशी दिसते. कुणीतरी महिनोन् महिने बसून केलेलं काम आहे हे. ताई आता ती रविवारच्या वर्गाकडूनच पुन्हा टाइप करून घेतेय.

[काकू टाइप करत आहेत: गणपतीच्या वर्गणीची यादी. दहावी ओळ. स्क्रीन काळी होते. पंखा थांबतो.]

लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली. हा शॉट ठरवून घेतलेला नाही.

[अंधारी खोली. खिडकीतला उजेड. कोणी बोलत नाही.]

[रॅमची पट्टी, खिडकीपाशी धरलेली.]

काकूंच्या दहा ओळी अशाच एका पट्टीवर होत्या. हिला रॅम म्हणतात. ताईनं विचारलं, “काकू, भाजी चिरता कुठं?” ओट्यावर. “आणि मिठाचा डबा?” फडताळात. रॅम म्हणजे ओटा: हाताशी, पण तात्पुरता. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं डब्यात भरून फडताळात ठेवणं.

ओटा असा का पुसला जातो? या काळ्या चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक थेंब, गळक्या बादलीत ठेवलेला. तो सतत झिरपतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक बादली पुन्हा भरावी लागते. भरणाराच थांबला, तर काय राहणार? १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला. त्याची मेमरी चुंबकीय कड्यांची होती, प्रत्येकी ४० बिटांच्या २०४८ नोंदी, म्हणजे जेमतेम १० हजार बाइट. हातातली ही ४ जीबीची पट्टी तिच्या सुमारे ४ लाख पट. पण अशा कड्या वीज गेली तरी विसरत नसत, हेही खरं.

[बंद पडलेली हार्ड डिस्क उघडली जाते. आरशासारखी तबकडी. त्यात वाकलेले चेहरे.]

हे फडताळ. चालू असताना ही तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. वरचं हे टोक तिला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून कमी अंतरावर तरंगतं आणि खालचे सूक्ष्म चुंबक या दिशेला किंवा त्या दिशेला वळवतं. पुन्हा दोनच दिशा. वीज गेली तरी चुंबक आपली दिशा सोडत नाहीत. नव्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेकदा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असते. तिच्यात तबकडी नसते, पण काम फडताळाचंच.

[खाली वाचनालयातला कार्डांचा खण. एक कार्ड बाहेर काढलं जातं.]

आणि डिलीट? कार्ड काढलं म्हणून पुस्तक कपाटातून जात नाही. या डिस्कवरची फाइलही तशीच. यादीतलं तिचं नाव जातं, मजकूर तिथेच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जुनी डिस्क भंगारात देताना हे लक्षात असू द्या.

[मोबाइलचा पडदा. बोटानं टाकलेला पावसाच्या पाण्याचा थेंब. त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके.]

हे घरी करून बघा. पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा, तो भिंगासारखं काम करतो. पांढरं असं इथं काहीच नाही. लाल, हिरवा आणि निळा एकत्र पेटले की आपल्याला पांढरं दिसतं. या तिघांचा मिळून एक पिक्सेल. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर ते २०,७३,६०० असतात. आतला २३१० हा आकडा फाँटमधल्या आकारात बदलतो, आणि त्या आकाराप्रमाणे यांतले ठराविक ठिपके काळे होतात. तो आपला ‘आ’.

वर्ग सुरू झाल्यापासून दोघांनी आपला सातबारा स्वतः उघडून पाहिला, आणि काका नातवाचा फॉर्म भरायला बसले.

[पंखा फिरू लागतो. स्क्रीन उजळते. वर्गणीची यादी नाही. ‘आई’ नावाची फाइल आहे.]

लाईट आली ती १२ वाजून गेल्यावर. यादी गेली, पण ही ६ बाइटची फाइल काकूंनी आधीच फडताळात ठेवली होती. ती त्यांनी उघडली, आणि शब्दाखाली आणखी एक ओळ लिहायला घेतली.

[ओळ पूर्ण होईपर्यंत शॉट. निवेदन नाही. फक्त बटणांचा आणि पावसाचा आवाज. मग कंट्रोल आणि एस.]