शेंडा, पान आणि पंचनामा

[कपाशीचं शेत. बांधावर एक उंच रोप. कॅमेरा पानाजवळ जातो.]

हे पान नीट बघा. बोटांसारखं फाटलेलं, कडेला करवतीसारखे दाते. याचा फोटो शहरातल्या मित्राला पाठवला, तर तो डोळे विस्फारेल. आम्हीही जरा चरकलोच होतो. शेतमालकाला विचारलं, "हाई काय शे?" तो हसला, पान तोडून तोंडात टाकलं आणि म्हणाला, "आंबाडी शे, भाऊ."

कळण्याच्या भाकरीबरोबर खातात ती अंबाडी. वनस्पतिशास्त्रात हिचं नाव हिबिस्कस कॅनाबिनस. जात जास्वंदीची, चेहरा गांज्याचा.

पण खरा गांजाही याच पट्ट्यात निघतो. धुळ्याचा शिरपूर तालुका, जळगावचा चोपडा, वर सातपुडा. कपाशी, तूर, मका डोक्याएवढा वाढला की आत काय लावलंय ते रस्त्यावरून कळत नाही. पुढची बातमी तुम्ही वाचलेलीच असते: उपटलेल्या झाडांचा ढीग, मागे रांगेत उभे पोलीस, आणि लाखांतला मुद्देमाल.

[पोलीस ठाण्याच्या आवारातला तोलकाटा.]

कायदा केंद्राचा आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा, १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्यावर आलेला शेंडा. शेंडा सोबत नसेल, तर बी आणि पान गांज्यात धरत नाहीत. राळेला चरस म्हणतात. जवळ एक किलोपर्यंत गांजा सापडला तर ती अल्प मात्रा, एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा, किमान दहा वर्षं, कमाल वीस. ही प्रतवारी २००१ ची. त्याआधी स्वतःच्या वापरापुरती अल्प मात्रा सोडली, तर थोडा गांजा बाळगणारा आणि ट्रक भरून नेणारा यांच्यात कायदा असा फरक करत नव्हता.

लागवडीला मात्र किलोचा हिशोब नाही. झाड एक असो वा हजार, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. परसात शोभेला लावलं, ही सबब चालत नाही.

आता खरी गंमत काट्यावर होते. ओली झाडं मुळासकट, मातीसकट चढवली की आकडा फुगतो. पण कायद्यातला गांजा फक्त शेंडा! पानं, देठ, मुळं वेगळी केली का, हा वकिलाचा पहिला प्रश्न असतो. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात नुसत्या हिरव्या पाल्याच्या वजनावर बोट ठेवून जामीन दिला. म्हणजे पंचनाम्यात 'फुलोऱ्यासह' हा शब्द आहे की नाही, यावर एखाद्याची काही वर्षं ठरू शकतात. आमच्या मते ठाण्यातल्या कारकुनाची लेखणी तोलकाट्याइतकीच महत्त्वाची आहे.

मग पान मोकळं का? नाही. पानाची भांग एनडीपीएसमधून सुटते आणि राज्याच्या हाती येते. महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो. परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं गुन्हा.

[नवापूर रेल्वे स्थानक. फलाटावरचं बाकडं.]

हे नवापूरचं प्रसिद्ध बाकडं. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १९६० ला राज्यं वेगळी झाली, तेव्हा तो १९४९ चा कायदा दोन्ही घरांत गेला. दारू न चालणाऱ्या गुजरातने २०१७ मध्ये भांग बंदीच्या यादीतून काढली. आपण ठेवली. पलीकडे मध्य प्रदेशात तर भांगेची सरकारी परवान्याची दुकानंच आहेत. तोरणमाळला महाशिवरात्रीची यात्रा भरते, गोरखनाथाच्या दर्शनाला माणसं डोंगर चढतात. पण देवाच्या नावाने ओढलेल्या चिलमीला एनडीपीएसमध्ये वेगळी सवलत नाही. गांजा ओढण्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत.

[पाड्याकडे जाणारी पायवाट. वनजमिनीवरचं शेत.]

सगळ्यात अवघड प्रश्न इथे. झाडं सापडली, पण जमीन कुणाची? सातबारा एकाच्या नावावर, कसतो दुसरा, बियाणं आणून दिलं तिसऱ्याने. कित्येकदा जमीनच वनखात्याची, आणि बातमीत लिहिलेलं असतं, 'अज्ञाताविरुद्ध गुन्हा'. जमीनमालकाने आपल्या रानातली अशी लागवड पोलिसांना कळवलीच पाहिजे, असं कलम ४६ म्हणतं. माहीत असून गप्प बसला तर तोही दोषी. कलम ४७ ने हीच जबाबदारी सरपंचावर आणि गावकामगारांवर टाकली आहे. कागदावर हे सोपं आहे. पण पाड्यावर, जिथे सगळे एकमेकांचे सोयरे, तिथे कळवणार कोण? आणि ज्याने बियाणं, पैसे पुरवले, तो ढिगाशेजारच्या फोटोत आम्हाला तरी क्वचितच दिसला.

याच गांज्याच्या झाडाच्या सालीचा धागा निघतो. नशा नगण्य असलेल्या वाणाला उद्योगासाठी परवानगी देण्याची वाट कलम १४ मध्येच आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये ती धरली. टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत हवं.

आपला शेतकरी बांधावर परत येतो. अंबाडीच्या काड्या आठवडाभर पाण्यात भिजल्यात. तो एक काडी उचलतो, साल नखाने सोडवून लांब ओढतो. पांढरा वाख हातात येतो. यंदा पोळ्याला बैलांचे दोर याचेच, असं तो सांगतो. आमचा कॅमेरामन अजूनही पानाकडेच बघतोय.