हरिहर : पाठ दरीकडे

(पहाट. हरिहर किल्ल्याचा पायथा, निरगुडपाडा गावाच्या वरचं रान. अंधारात विजेऱ्यांचे चार ठिपके हलताहेत.)

साडेपाच वाजलेत. निरगुडपाड्याहून निघालेली वाट अजून काळोखातच आहे. दीड-दोन तासांचा तर चढ, मग एवढी घाई कशाला? कारण हरिहरावर घड्याळ उन्हाचं बघायचं नसतं, गर्दीचं बघायचं असतं. आज मंगळवार आहे, तोही मुद्दाम निवडलेला.

(उजाडतं. सोंडेच्या टोकाशी काळा कातळ उभा राहतो.)

त्र्यंबक रांगेतला हा किल्ला. हर्षगड हे त्याचं दुसरं नाव. उंची सुमारे 3,676 फूट. गोंडा घाटावर नजर ठेवणारा. 1636 मध्ये शहाजीराजांना त्र्यंबकगडाबरोबर जे किल्ले मोगलांच्या हवाली करावे लागले, त्यांत हाही होता.

आणि हा तो फोटो. सगळ्यांनी पाहिलेला, मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरलेला. कुणी या पायऱ्यांचा कोन सत्तर अंश सांगतं, कुणी ऐंशी. मोजत बसू नका. मान मागे टाकल्याशिवाय पुढची पायरी दिसत नाही, एवढं पुरे.

1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज इथे आला. भिंतीला लावलेली दोनशे फुटी शिडी, अशी उपमा त्याने या जिन्याला दिली. आसपासच्या बऱ्याच गडांच्या वाटा इंग्रजांनी तोडल्या, ही मात्र राहिली. ब्रिग्जला ती आवडली म्हणून राहिली, असं सांगतात. गोष्ट छान आहे, गोष्ट म्हणूनच ऐकावी.

(जवळून : पायरीतली खोबण. बोटं आत जातात.)

कातळ कोरणाऱ्यांना चढणाऱ्याची काळजी होती. पायऱ्यांच्या कडेला हात रुतवायला खोबण्या आहेत. दोन हात, दोन पाय. एका वेळी यांतला एकच हलवायचा, बाकीचे तिघे जागच्या जागी. मोबाइल खिशात, पाण्याची बाटली सॅकमध्ये, काठी मिटून बांधलेली. खाऊची पिशवी हातात नको, कारण इथली माकडं ती मागत नाहीत, ओढतात. आणि या जिन्यावर कुणी काही ओढलं, तर आपण नेमके काय सोडतो याचा नेम नाही.

पायरी पक्की आहे. धोका आहे तो पायरीवरच्या माणसांचा. जिना एका माणसाच्या रुंदीचा. वर चढणारे आणि खाली उतरणारे मध्यावर समोरासमोर आले, की कुणीतरी खोबण सोडून कडेला सरकतो. म्हणून आधी हाक द्यायची, वरून कुणी येत असेल तर तळाशी थांबायचं. दोघांत चार-पाच पायऱ्यांचं अंतर. वरच्याचा पाय सुटला, तर खालच्याच्या डोक्यावर येऊ नये.

पावसाळ्यात याच पायऱ्यांवरून पाणी धावतं, खोबणीत शेवाळ धरतं. तेव्हाचे व्हिडिओ सुंदर दिसतात. आम्ही नोव्हेंबर निवडला.

(महादरवाजा. पलीकडे कातळाखालची अरुंद वाट.)

दरवाजा आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. जरा लवकरच. पुढे कातळाच्या पोटाखालून आडवी वाट आहे. डोक्यावर झुकलेला खडक, एका अंगाला दरी. इथे पाठीवरची फुगलेली सॅक खडकाला घासते आणि माणसाला बाहेर ढकलते. वाकायचं, सॅक आवळायची, सावकाश सरकायचं. मग पुन्हा जिना. ब्रिग्जला हा दुसरा जिना पहिल्याहून अवघड वाटला होता. फोटोत मात्र तो येत नाही, त्यामुळे मनाची तयारी नसते.

(माथा. वारा.)

वर मारुती, महादेव, पाण्याचं तळं. खिडकीएवढ्या दारातून आत शिरायची दगडी कोठी. त्यापलीकडे खडकाचा शेवटचा उंचवटा, तोच खरा माथा. जागा थोडी, वारा भरपूर. इथे बसूनच बघावं. समोर भास्करगड, पलीकडे ब्रह्मगिरी, अंजनेरी, आणि दक्षिणेला वैतरणेचं पाणी.

आमच्यातला एकजण माथ्यावर आला नाही. पहिल्या जिन्याच्या तळाशीच त्याचे पाय थरथरू लागले. "मी इथंच थांबतो," म्हणाला. कुणी त्याला "अरे, काही नाही होत" म्हटलं नाही. असं म्हणून चढवलेला माणूस उतरताना अडकतो, आणि मग त्याच्या वर-खाली सगळा जिना अडकतो.

(उतरण. कॅमेरा तळाशी.)

कारण उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं असतं आणि पाठ दरीकडे. पाय टेकायची जागा स्वतःला दिसत नाही, ती पायाने चाचपावी लागते. किंवा खालून कुणीतरी सांगावी लागते. आज ते काम तळाशी थांबलेल्या त्या मित्राकडे आहे.

"डावा पाय खाली घे. अजून... अजून जरासा. हां, टेकला. आता हात."