‘तुझा पासवर्ड मला माहीत आहे’

(विलेपार्ले येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक मेल वाचून दाखवते. मूळ इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते.

‘तुझा पासवर्ड मला माहीत आहे.’ पुढे खरोखरच एक पासवर्ड लिहिलेला. मग, ‘तू एका अश्लील साइटवर गेला होतास. तिथून मी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो आणि कॅमेरा चालू केला. तू काय पाहत होतास आणि काय करत होतास, दोन्हींचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तुझ्या ओळखीच्या सगळ्यांची यादीही आहे. ४८ तासांत बिटकॉइनमध्ये पैसे पाठव, नाहीतर व्हिडिओ सगळ्यांना जाईल. पोलिसांकडे जाऊन काही उपयोग नाही.’ बिटकॉइन म्हणजे इंटरनेटवरचं आभासी चलन.

जुन्या पासवर्डचा धाक घालणारे हे मेल जुलै २०१८ मध्ये मोठ्या लाटेने सुरू झाले. आजही शब्द थोडे इकडचे तिकडे करून तेच येतात. मी फोर्टमधल्या एका ऑफिसात अनेक वर्षं मेल सर्व्हर सांभाळले. असे मेल माझ्या डोळ्यांसमोरून सतत जात असत. म्हणून आधीच सांगते, या साच्यातल्या मेलमागे व्हिडिओ नसतो. पाठवणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं.

मग पासवर्ड खरा कसा? तिथेच माणसाचं धाबं दणाणतं, म्हणून हे जरा नीट समजून घेऊ. तो पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरमधून गेलेला नसतो. तुम्ही कधीकाळी एखाद्या वेबसाइटवर खातं उघडलेलं असतं आणि त्या वेबसाइटवरच चोरी झालेली असते. लिंक्डइनवर २०१२ मध्ये झाली, ॲडोबीवर २०१३ मध्ये. लिंक्डइनच्या चोरीतल्या ११ कोटींहून अधिक ईमेल-पासवर्डच्या जोड्या २०१६ मध्ये विकायला निघाल्या होत्या. अशा याद्या एकमेकींत मिसळत जातात, स्वस्तात मिळतात, पुढे फुकटही मिळतात. मेल पाठवणाऱ्याच्या हातात एवढंच असतं: एक ईमेल पत्ता आणि त्याच्यासमोर एक जुना पासवर्ड. बाकी मेल तयारच असतो. रिकाम्या जागा प्रोग्राम भरतो.

हे किती मोठ्या प्रमाणावर चालतं? २०१९ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी फोर्पिएक्स नावाच्या, हॅक केलेल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्याच व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवरून तासाला ३०,००० पर्यंत असे मेल सुटत होते आणि एकेका मोहिमेत २ कोटी ७० लाखांपर्यंत पत्ते होते. पाच महिन्यांत ते मेल पाठवणाऱ्यांच्या खात्यांत जमा झालेले बिटकॉइन तेव्हाच्या भावाने १ लाख १० हजार डॉलरच्या आसपास होते. कोट्यवधी पत्ते आणि त्या मानाने किती थोडे पैसे, हे बघा. जवळजवळ कुणीच पैसे देत नाही. पण मेल पाठवायला खर्चच नाही, त्यामुळे मूठभर लोक घाबरले तरी त्यांचं भागतं.

दुसरी क्लृप्ती म्हणजे मेल तुमच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो. ‘बघ, तुझं खातं माझ्या ताब्यात आहे.’ पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, पोस्टमन ते पडताळत नाही. मेलचंही तसंच आहे. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा ओळी दिसतील. नाव टाकलेल्या माणसाच्या सर्व्हरवरूनच मेल निघाला का, याची ती तपासणी असते. बनावट मेलमध्ये तिथे बहुधा ‘फेल’ लिहिलेलं सापडतं. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत नाही ना, तेही पाहून घ्या.

आणि त्याच्याकडे व्हिडिओ असताच, तर त्यातलं एक चित्र त्याने नसतं का पाठवलं? शिवाय बऱ्याचदा एकच बिटकॉइन पत्ता, म्हणजे पैसे जमा करायचा खाते क्रमांक, हजारो मेलमध्ये असतो. तुम्ही पैसे भरले तरी ते तुम्हीच भरले हे त्याला कळणार नाही, मग तो ‘डिलीट’ काय करणार?

अलीकडे या मेलमध्ये नाव, फोन नंबर, घरचा पत्ताही असतो. २०२४ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात तर नकाशाच्या ॲपवरून उचललेला घराचा फोटोही लोकांना येऊ लागला. आपल्याकडे २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते बाहेर आले होते. तेव्हा पत्ता माहीत असणं हा पाळतीचा पुरावा नाही.

सरकारी शिक्क्याचा प्रकारही सांगून ठेवते. सीबीआय किंवा भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या नावाने पीडीएफ येते. वर राजमुद्रा, खाली मोठ्या अधिकाऱ्याची सही, आणि मजकूर असा की तुम्ही लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ पाहिलेत, २४ तासांत उत्तर द्या. उत्तर दिलं की ‘दंड’ मागतात. कोणतीही तपास यंत्रणा आरोप मिटवायला मेलवरून पैसे मागत नाही. अशा पत्राला उत्तरच द्यायचं नाही.

आता मला ज्याविषयी खरं बोलायचंय ते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ एका संध्याकाळी आले. हातात चार घड्या घातलेला मेलचा प्रिंटआउट. घरात प्रिंटर होता, पण तो सुनेच्या खोलीत, म्हणून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले होते. छापताना त्याने वाचलं तर, म्हणून तिथेही जीव मुठीत धरून उभे होते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बँड-एड चिकटवलं होतं आणि एफडी मोडायची चौकशीही करून आले होते. मी विचारलं, हा पासवर्ड कुठला? कागदाकडे बघत म्हणाले, ‘मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. मुलगी कॉलेजात होती तेव्हा ठेवायचो.’ मुलगी आता दोन मुलांची आई आहे. त्या लॅपटॉपवर तो पासवर्ड त्यांनी कधी टाकलाच नव्हता, लॅपटॉप नंतरचा. हे त्यांच्याच तोंडून निघालं तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकून बसले.

त्यांनी लाज वाटण्यासारखं काही केलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तुम्हीही कुणाला विचारू नका. प्रौढ माणूस एकांतात काय पाहतो, ही चौकशी आपण सुरू केली की घाबरलेला माणूस तोंड मिटतो, आणि या लोकांना नेमकं तेच हवं असतं. मुंबईच्या घरांत तसाही एकांत नाही. पार्टिशनपलीकडे मुलगा झोपलेला, फोन वाजला तर चौघांना ऐकू जातो. अशा घरात माणूस असा मेल एकटाच घेऊन बसतो, रात्र रात्र जागा राहतो. खंडणी हा शब्द या शहराला नवा नाही. दुकानदार, बिल्डर यांना फोन यायचे तेव्हा निदान त्यांच्या बाजूने चार माणसं उभी राहायची. इथे बाजूला कुणी नसतं, कारण कुणाला कळलेलंच नसतं.

म्हणून मेल आला की पहिलं काम: घरातल्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला तो दाखवा. उत्तर पाठवू नका, शिवीसुद्धा नाही, कारण उत्तराने तुमचा पत्ता चालू आहे हे त्याला कळतं. जोडलेली फाइल उघडू नका. स्क्रीनशॉट घ्या, मेल स्पॅममध्ये टाका, लगेच पुसू नका. मेलमधला पासवर्ड आजही कुठे वापरत असाल, तर तिथे तो आजच बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री करून घेणारी सोय, सुरू करा. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर ईमेल टाकला, तर तो कुठल्या चोरीत गेला होता ते फुकट कळतं.

पैसे गेले असतील तर थांबू नका. १९३० ला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. एकदा पाठवलेला बिटकॉइन परत आणणं कठीण असतं. पण बिटकॉइन विकत घ्यायला पैसे बहुतेकदा बँकेतूनच जातात. फोन जितका लवकर, तितकी ते मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यात तुम्ही तक्रारदार आहात, आरोपी नाही.

एक प्रकार मात्र पूर्ण वेगळा आहे आणि तिथे व्हिडिओ खरा असू शकतो. अनोळखी मुलीची फ्रेंड रिक्वेस्ट येते, गप्पा होतात, मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल येतो आणि मिनिटभरात तो रेकॉर्ड होतो. पुढे ‘पोलीस अधिकारी’ किंवा ‘यूट्यूबचा माणूस’ म्हणून दुसरेच फोन येतात, व्हिडिओ काढून टाकायचे पैसे मागतात. इथेही पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते, थांबत नाही. चॅट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा, मग ब्लॉक करा, आणि तक्रार करा. प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवा आहेत. तुमचा फोटो किंवा व्हिडिओ त्यांना द्यावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ती फाइल अडवतात.

ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांची मुलं आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. अशा धमक्यांना घाबरून मुलांनी जीव दिले आहेत. मूल सांगायला आलं तर ‘तुला अक्कल नव्हती का’ हे वाक्य गिळा. फोन हिसकावू नका, पुरावा त्यातच असतो. ‘बरं झालं सांगितलंस, आता आपण दोघं बघू’ एवढं म्हणा आणि त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. लहान मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

शेवटी एका ताईंनी विचारलं, ‘आणि त्याने खरंच नातेवाइकांना पाठवलं तर?’ तर त्याच्या आधी तुम्ही पाठवा. मेसेज एवढाच: ‘माझ्या नावाने कुणीतरी घाणेरडे फोटो-व्हिडिओ पाठवून पैसे मागतंय. पोलिसांत तक्रार केली आहे. काही आलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉट मला द्या.’ ज्यांनी हा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, त्यांना आलेली उत्तरं मी पाहिली आहेत. पहिलं उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी मामाचं किंवा आतेभावाचं असतं: ‘मलाही आला होता.’